‘मालिका आली आणि न्याय मिळाला’, हे खरं नाही

ब्रिटनच्या पोस्ट ऑफिस प्रकरणावर मराठी ग्रुपांमध्ये एक मजकूर फिरतोय. थोडक्यात तो असा: पोस्टाच्या संगणकात बिघाड झाला, निरपराध पोस्टमास्तर अडकले, काहींनी तर गुन्हा कबूलही केला होता, मग टीव्हीवर मालिका आली, आठवड्याभरात पंतप्रधानांनी कायदा जाहीर केला आणि नऊशे जण सुटले. शेवटची ओळ ठरलेली: ‘याला म्हणतात न्यायव्यवस्था, नाहीतर आपल्याकडे नुसत्या तारखा!’

मी ब्रिटनमध्येच राहतो आणि हे प्रकरण बरीच वर्षं वाचत आलोय. हा मजकूर कौतुकाने पुढे पाठवणाऱ्या ओळखीच्या लोकांचा मला राग येत नाही. पण ज्यांचे संसार मोडले, त्यांच्यावर यात पुन्हा अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं.

‘संगणकाचा बिघाड’ इथूनच सुरुवात करू. ब्रिटनमधली बहुतेक छोटी पोस्टं करारावर चालतात. किराणा किंवा वर्तमानपत्रांचं दुकान, त्यातच एका बाजूला पोस्टाचा काउंटर, चालवणारा सब-पोस्टमास्तर. यांत गुजराती, पंजाबी, तमिळ कुटुंबं पुष्कळ. १९९९ पासून या शाखांत फुजित्सू या जपानी कंपनीची ‘हॉरायझन’ ही संगणकीय हिशेब प्रणाली बसवली गेली आणि प्रत्यक्षात नसलेली तूट हिशेबात दिसू लागली. बिघाड म्हणायचा तर एवढाच. पुढचं सगळं माणसांनी केलं. मदतीच्या फोनवर ‘अशी तक्रार फक्त तुमचीच आहे’ असं कित्येकांना सांगण्यात आलं. फुजित्सूचे कर्मचारी लांब बसून शाखेच्या हिशेबात फेरफार करू शकत होते. पोस्ट ते वर्षानुवर्षं नाकारत राहिलं.

सीमा मिश्रा सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीटचं पोस्ट चालवायच्या. सुमारे ७४ हजार पौंडांच्या चोरीचा आरोप. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांना १५ महिन्यांची शिक्षा झाली तेव्हा त्या गरोदर होत्या, आणि त्या दिवशी त्यांच्या मोठ्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. खटला उभा राहायच्या काही दिवस आधीच हॉरायझनमधल्या एका दोषाची माहिती पोस्टाच्या वकिलांपर्यंत पोहोचली होती. ती बचाव पक्षाला दिली गेली नाही. शिक्षा झाल्यावर पोस्टाच्या वकिलाने कार्यालयात ईमेल पाठवला, त्याचा आशय असा की या निकालाने हॉरायझनवर खापर फोडणाऱ्या इतरांना वचक बसेल. हा ईमेल संगणकाने लिहिलेला नाही.

आता गुन्ह्याच्या कबुलीचं. ‘चोरी केली नव्हती तर कबूल कशाला केलं?’ हा प्रश्न मला शिकल्या-सवरल्या माणसांनी विचारलाय. जो हॅमिल्टन यांचं उदाहरण घ्या. हॅम्पशरमधल्या साउथ वॉर्नबरो गावातलं पोस्ट त्यांच्याकडे होतं. मदतीचा फोन लावून, पलीकडून सांगतील तसं करत असताना त्यांच्या डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली. हिशेब जुळला असं नोंदवल्याशिवाय व्यवहार पुढे सुरू होत नाहीत, म्हणून त्या जुळल्याचं नोंदवत गेल्या. पुढे ३६ हजार पौंडांच्या चोरीचा आरोप झाला. खोटे हिशेब ठेवल्याचं कबूल केलंत तर चोरीचा आरोप मागे घेऊ, असा पर्याय समोर आला. एकीकडे तुरुंग, दुसरीकडे कबुली. त्यांनी कबुली दिली आणि २००८ मध्ये दोषी ठरल्या. गावातल्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना पैसे भरायला मदत केली. अशा कबुलीला मी पुरावा मानत नाही.

शिवाय आरोप कोण ठेवत होतं? इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी फौजदारी खटला कुणीही भरू शकतो. पोस्टाने तोच मार्ग घेतला. पैसे गेले म्हणणारं पोस्ट, तपास करणारी माणसं पोस्टाची, खटला भरायचा की नाही हे ठरवणारे वकीलही पोस्टाचे. सुमारे ७०० जण याच मार्गाने दोषी ठरले. आणि हे पोस्ट संपूर्णपणे सरकारच्या मालकीचं.

‘मालिका आली आणि आठवड्याभरात...’ यातल्या तारखा बरोबर आहेत. मालिका १ ते ४ जानेवारी २०२४ ला दाखवली गेली, १० जानेवारीला ऋषी सुनक यांनी घोषणा केली, २४ मे रोजी कायदा झाला. पण त्याआधीची वीस वर्षं कुठे गेली? वेल्समधल्या लॅंडुडनोचे सब-पोस्टमास्तर अ‍ॅलन बेट्स यांचा करार २००३ मध्ये रद्द झाला. ‘कॉम्प्युटर वीकली’ने २००९ मध्ये सात जणांच्या कहाण्या छापल्या. २०१० मध्ये बेट्स यांनी मंत्र्यांची भेट मागितली, तर भेटून काही उपयोग होणार नाही असं उत्तर आलं. पोस्टानेच नेमलेल्या हिशेब तपासनिसांनी २०१३ मध्ये हॉरायझनमधले दोष दाखवले, आणि त्याच वर्षी पोस्टाला सल्ला देणाऱ्या बॅरिस्टरनेही लेखी इशारा दिला की फुजित्सूच्या ज्या अभियंत्याची साक्ष आपण वापरत आलो ती विश्वासार्ह नाही. तरी शिक्षा झालेल्यांना कुणी कळवलं नाही.

शेवटी बेट्स आणि आणखी ५५४ जणांना दिवाणी दावा लावावा लागला. निकाल विरोधात जातोय हे दिसल्यावर पोस्टाने न्यायाधीशच बदलायची मागणी केली. ती फेटाळली गेली. डिसेंबर २०१९ च्या निकालात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी म्हटलं की पोस्टाचा पवित्रा म्हणजे एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट आहे असं म्हणत राहण्यासारखा आहे. तडजोडीत मिळाले ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंड, पण खटल्याचा आणि त्यासाठी पैसा पुरवणाऱ्यांचा खर्च वजा जाता दावेदारांच्या हाती जेमतेम सव्वा कोटीच्या आसपास उरले. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने सीमा मिश्रा आणि जो हॅमिल्टन यांच्यासह ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली. तरी मालिका लागली तेव्हा, इतर यंत्रणांनी भरलेले खटले धरून, नऊशेहून अधिक दोषींपैकी सुटले होते सुमारे ९३. न्यायालयीन मार्ग इतका संथ ठरला म्हणून संसदेला न्यायालयांचे निकाल कायद्याने पुसावे लागले. व्यवस्था नीट चालली असती तर ही वेळच आली नसती. आणि ज्यांची अपिलं आधीच फेटाळली गेली होती, ते या कायद्यातूनही बाहेर राहिले.

जुलै २०२५ मध्ये निवृत्त न्यायाधीश सर विन विल्यम्स यांच्या सार्वजनिक चौकशीच्या अहवालाचा पहिला खंड आला. या प्रकरणाशी जोडल्या जाणाऱ्या किमान १३ आत्महत्या असाव्यात, असं त्यात म्हटलंय. तोवर पोस्टाच्या किंवा फुजित्सूच्या एकाही अधिकाऱ्यावर आरोपपत्र दाखल झालं नव्हतं. ज्या मजकुरात ‘सगळे सुटले’ म्हणून आनंद आहे, त्यात या १३ जणांचा उल्लेखही नाही.

राहता राहिली आपल्याशी तुलना. भारतातल्या खटल्यांचा विलंब भयंकर आहे, त्याची बाजू मी घेणार नाही. पण या प्रकरणाच्या मुळाशी असलेला कायदा पाहा. संगणकातली नोंद पुरावा म्हणून द्यायची तर संगणक नीट चालत होता हे दाखवा, अशी अट ब्रिटनमध्ये १९८४ च्या कायद्यात होती. ती काढून टाकली आणि एप्रिल २००० पासून संगणक बरोबरच आहे असं गृहीत धरलं जाऊ लागलं. चूक आहे हे आरोपीने दाखवायचं. ती दाखवायला लागणारी कागदपत्रं मात्र पोस्ट आणि फुजित्सूकडे. नेमक्या त्याच वर्षी भारताने तेव्हाच्या पुरावा कायद्यात कलम ६५ब घालून उलटी वाट धरली: प्रमाणपत्राशिवाय संगणकीय नोंद ग्राह्य नाही. जालन्याच्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ही अट पुन्हा ठामपणे सांगितली. प्रत्यक्षात हे प्रमाणपत्र अनेकदा नुसता सोपस्कार होतो, हे मान्य. तरी प्रश्न विचारायची जागा कायद्यात आहे. ब्रिटनने ती जागाच बंद केली.

ती पुन्हा उघडावी का, यावर ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये लोकांकडून मतं मागवली. माझं मत स्पष्ट आहे: संगणकाच्या नोंदीवर कुणाला तुरुंगात पाठवायचं असेल, तर तो संगणक विश्वासार्ह आहे हे आरोप करणाऱ्यानेच सिद्ध केलं पाहिजे, आणि त्याच्या दोषांची सगळी नोंदवही खटल्याआधी आरोपीच्या वकिलाच्या हातात दिली पाहिजे.