‘गहाळ’च्या खात्यात गेलेल्या चोऱ्या

‘आपल्या शहरात चोऱ्या घटल्या’ हे गुन्ह्यांच्या आकडेवारीवरच्या लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. चोऱ्या घटल्या की नोंदी? दिवाळीआधीच्या आठवडी बाजारात माझ्या आईच्या पिशवीला ब्लेड मारून मोबाईल काढला. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे, ‘मोबाईल गहाळ झाला असं लिहून द्या, सिमकार्ड लगेच मिळेल.’ कापलेली पिशवी समोर टेबलावर पडलेली! आई दमली होती, म्हणून लिहून दिलं आणि निघालो. चूक माझीच. गहाळच्या दाखल्याने सिम मिळतं, सीईआयआर या हरवलेले-चोरीचे फोन बंद करण्याच्या सरकारी पोर्टलवर हँडसेटही ब्लॉक होतो, पण गुन्हा दाखल होत नाही, म्हणजे तपासही नाही आणि लेखातल्या आकड्यांत आमची पिशवीही नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (गुन्ह्याची नोंद आणि तपास कसा व्हावा हे सांगणारा कायदा) कलम १७३ मध्ये तक्रार ऑनलाइन देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. ठाण्याने नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचं. हे मला नंतर कळलं. लेखकाने पुढच्या वेळी गुन्ह्यांच्या शेजारी ‘गहाळ’ दाखल्यांचाही आकडा मागवावा.