विक्रेत्यावर सांगण्याचे बंधन नाही, हे साफ खोटे आहे

‘पुण्यात जुना फ्लॅट घेताय? या पाच गोष्टींना घाबरू नका’ असा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. सिंहगड रस्त्यालगत घर पाहणाऱ्या माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि ‘टोकन देऊन टाकू का?’ असे विचारले, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

पहिला दावा असा, की शंभर वर्षांच्या पूररेषेतला पूर शतकातून एकदाच येतो आणि २०२४ मध्ये तो येऊन गेल्याने आता चिंता नाही. लोकांना बुडवणारा सल्ला हाच. पूर कुठवर येऊ शकतो हे दाखवणाऱ्या नकाशावरची निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, म्हणजे त्या रेषेपर्यंत पाणी चढण्याची शक्यता दर वर्षी अनुक्रमे चार टक्के आणि एक टक्का असते. गेल्या पावसाळ्यात पूर आला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही. वीस वर्षांचे गृहकर्ज धरले, तर त्या मुदतीत निळ्या रेषेपर्यंत निदान एकदा पाणी येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के आणि लाल रेषेपर्यंत सुमारे १८ टक्के निघते. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून सुमारे ३५ हजार क्युसेक विसर्ग सुरू असताना सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत पाणी शिरले आणि ऑगस्टच्या सुरुवातीलाच तिथल्या रहिवाशांना पुन्हा हलवावे लागले. शतकाचा हिशेब दोन आठवडेही टिकला नाही.

वरच्या मजल्याला धोका नसतो, हा दुसरा दावा. मीटर, पाण्याची मोटार, जमिनीखालची टाकी आणि वाहने खालीच असतात, एवढे उत्तर पुरे.

तिसरा दावा म्हणजे जुने घर विकणाऱ्यावर काहीही सांगण्याचे बंधन नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५५ याच्या नेमके उलट सांगते: मालमत्तेतील किंवा मालकी हक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक आहे, खरेदीदाराला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला कळला नसता, तो उघड करणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे, आणि तो लपवणे हे कलम कपटाचे ठरवते. संदेशातले अर्धसत्य मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. ‘साधारण काळजी’ या शब्दांमुळे पूररेषा विकास आराखड्याच्या नकाशावर दिसतच होती, असा बचाव विक्रेता करू शकतो. शिवाय करारात वेगळे ठरले असेल तर हे कर्तव्य बाजूला पडू शकते. म्हणून ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द मसुद्यात असतील तर वकिलाला दाखवल्याखेरीज सही करू नये, आणि ‘या इमारतीत कधी पाणी शिरले होते का?’ हा प्रश्न टोकनआधी लेखी विचारून त्याचे उत्तरही लेखीच घ्यावे.

उत्तर टाळले गेले, तर पार्किंगमध्ये जाऊन भिंती पाहाव्यात. ताज्या रंगाखाली एकाच उंचीवर सरळ फुगलेला गिलावा आणि लोणा (ओलीमुळे भिंतीवर येणारे पांढरे क्षार), किंवा नंतर छातीच्या वर सरकवलेल्या मीटरच्या पेट्या, यांचे कारण विचारलेच पाहिजे. सोसायटीच्या सभांची इतिवृत्ते आणि मोटार किंवा लिफ्टच्या दुरुस्तीची बिलेही मागावीत.

पुण्याची हवा थंड असल्याने उन्हाळ्याचा विचार नको, हा चौथा सल्ला. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपर्यंत जात असताना वरच्या मजल्यावरची पश्चिमेकडची खोली दुपारी तीननंतर स्वतः पाहून यावी.

उरला बँकेचा दावा: कर्ज मंजूर झाले म्हणजे घर निर्धोक. बँकेचा सर्च रिपोर्ट मालकीची साखळी आणि बोजा तपासतो. मुठा नदीचे पाणी कुठवर येते हे त्यात नसते. आणि महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, दाद मागू, अशी कोणाची समजूत असेल, तर त्यामागचा रेरा कायदा मुख्यतः विकासकांसाठी आहे. एका रहिवाशाने दुसऱ्याला विकलेल्या जुन्या घराच्या व्यवहारात विक्रेत्याविरुद्ध मुख्य आधार कलम ५५ चा आहे.