‘पुंगळ्या फेकू नका, घरीच भरा’ या निरोपाला उत्तर

भात पोटरीला आले की रानडुकरे वाडीत उतरतात, आणि पावसाळाभर माळ्यावर पडून राहिलेल्या काडतुसांची आठवण घराघरांत तेव्हाच होते. नेमक्या याच दिवसांत रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बंदुकीच्या परवानाधारकांच्या फोनवर एक निरोप फिरतो. त्याचा सारांश असा: परवाना असेल तर रिकाम्या पुंगळ्या (उडवलेल्या काडतुसांची कवचे) घरी भरण्याचा हक्क आपल्याला आहे, अमेरिकेत लोक पिस्तुलाची काडतुसेसुद्धा घरीच भरतात, बंदुकीची दारू कोणतीही चालते, बार बारीक वाजला तर पुढच्या पुंगळीत दारू वाढवावी, न उडालेले काडतूस लगेच काढून पाहावे, सादळलेली काडतुसे उन्हात वाळवावीत, आणि ती गोठ्याच्या माळ्यावर ठेवावीत, कारण जनावरांच्या उबेमुळे तिथे ओल धरत नाही. हा निरोप अनुभवी माणसाच्या भाषेत लिहिलेला असल्यामुळे लोक त्यावर विश्वास ठेवतात, म्हणूनच त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

हक्काचा मुद्दा आधी निकालात काढू. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरण्यासाठी संघराज्याचा परवाना लागत नाही, विक्रीसाठी बनवायची असतील तर लागतो, हे खरे आहे. आपल्याकडे मात्र १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो आणि बंदूक बाळगण्याचा परवाना त्याची जागा घेऊ शकत नाही. शिवाय या कायद्याच्या व्याख्येत ‘दारूगोळा’ म्हणजे केवळ तयार काडतूस नव्हे. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही त्यात मोडते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. चार पैसे वाचवण्यासाठी शेतकऱ्याने यात पडावे असा सल्ला देणाऱ्याने कायदा वाचलेलाच नाही.

‘दारू कोणतीही चालते’ हे विधान तर सरळ जिवावर बेतणारे आहे. ठासणीच्या बंदुकीची काळी दारू सोरा, कोळसा आणि गंधक यांची असते. आजच्या काडतुसातली निर्धूर दारू नायट्रोसेल्युलोजची असते आणि तिचा स्वभावच वेगळा आहे: ती जितकी कोंडली जाते, तितकी वेगाने जळते, आणि जितकी वेगाने जळते तितका दाब आणखी वाढतो. काळ्या दारूच्या मापाने निर्धूर दारू भरली तर तो दाब नळीच्या सोसण्यापलीकडे जातो. कोकणात अजूनही काही घरांत पणजोबांच्या काळातल्या, लोखंडी पट्ट्यांना पीळ देऊन जोडलेल्या नळ्यांच्या बंदुका आहेत. त्यांत तर निर्धूर दारूचे कारखान्यात भरलेले काडतूससुद्धा घालू नये. फटाक्यातल्या दारूविषयी एवढेच सांगतो की ती गोळी ढकलण्यासाठी बनवलेली नसते.

आता सर्वांत घातक वाक्याकडे येतो: बार बारीक वाजला तर दारू वाढवावी. बार बारीक वाजण्याचा अर्थ अनेकदा असा असतो की दारू पेटलीच नाही, किंवा पुंगळीत ती नव्हतीच, आणि केवळ टोपीच्या (पुंगळीच्या बुडाशी असलेल्या, ठोका बसताच पेटणाऱ्या भागाच्या) जोराने गोळी नळीत शिरून मध्येच अडकली आहे. बारा बोअरच्या छर्ऱ्याच्या बंदुकीत दारू आणि छर्रे यांच्यामधला वॉड, म्हणजे बूच, असाच अडकून राहू शकतो. अशा वेळी पुढचा बार काढला की वाट बंद असलेल्या नळीत दाब कोंडतो आणि नळी फुगते किंवा फाटते. डावा हात नेमका तिथेच असतो. म्हणजे ‘फुस्स’ असा आवाज आल्यावर पुढच्या बाराची दारू वाढवणे हा उपाय नव्हे, त्या क्षणी थांबणे हाच उपाय आहे. शस्त्र पूर्ण रिकामे करून मागच्या बाजूने नळीतून उजेड दिसतो का ते पाहावे, आणि दिसला नाही तर ते शस्त्र परवानाधारक कारागिराकडे न्यावे. अडकलेली गोळी दुसऱ्या बाराने बाहेर काढण्याचा विचारही करू नये.

मापाचीही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पिस्तुलाच्या काडतुसात दारू अनेकदा चार-पाच ग्रेन एवढीच असते, आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या खाली बोलत नाही, म्हणजे पंधरा ग्रेनचा फरक त्याला कळतच नाही. त्यात ही दारू पुंगळीच्या निम्म्याहून कमी जागा व्यापत असेल, तर लक्ष विचलित झाल्यावर एकाच पुंगळीत दोनदा भरली तरी ती वरून ओसंडत नाही. गोळी ठरल्यापेक्षा थोडी खोल बसली तरी आतली मोकळी जागा घटते आणि दाब झपाट्याने वाढतो. ज्या अमेरिकन माणसांचे दाखले दिले जातात, ती माणसे छापील तक्ते समोर ठेवून प्रत्येक पुंगळी तपासतात आणि शंका आली की अख्खी खेप बाजूला काढतात. निरोपात या शिस्तीचा एक शब्दही नाही.

न उडालेले काडतूस लगेच काढून पाहू नये, कारण टोपी उशिरा पेट घेऊ शकते. नळी सुरक्षित दिशेला रोखून किमान तीस सेकंद थांबावे, मी तर पूर्ण मिनिट थांबतो, आणि मगच ते काढावे. बंदूक उघडल्याबरोबर बार उडाला तर पितळेचे तुकडे थेट तोंडावर येतात.

उन्हात वाळवल्याने वरची ओल जाते, टोपीतला बिघडलेला मसाला पूर्ववत होत नाही. उष्णतेने नायट्रोसेल्युलोजचे आयुष्य मात्र कमी होते. फुगलेली कागदी पुंगळी वाळल्यावर नळीत बसली, तरी ती उडेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

गोठ्याच्या माळ्याचा सल्ला मला विशेष खटकला, कारण आमच्या घरी तो पाळला गेला होता. काकांची रिव्हॉल्व्हरची काडतुसे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात गोठ्यावरच्या माळ्यावर दोन पावसाळे होती. डबा उघडला तेव्हा काही पितळी पुंगळ्यांवर हिरवट थर होता, आणि गोळी जिथे आवळून धरलेली असते त्या कडेला केसासारख्या उभ्या रेघा दिसल्या. त्यावरून नख फिरवले तर ते अडकत होते. त्या चिरा होत्या. हा प्रकार नवा नाही. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली जात आणि तीही अशीच तडकत. घडणीच्या वेळी पितळेत उरलेला ताण आणि जनावरांच्या मुतातून सुटणारा अमोनिया हे दोन्ही एकत्र आले की पितळ तडकते, हे १९२१ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. ऊब असली तरी त्या माळ्यावर अमोनिया असतो, आणि नेमकी हीच बाब निरोप लिहिणाऱ्याला ठाऊक नाही.

काकांनी ती काडतुसे वापरली नाहीत आणि उघडलीही नाहीत. पोलीस ठाण्यात आधी विचारून, परवाना बरोबर घेऊन, ती तिथे जमा केली. नवी काडतुसे आता घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, माजघरातल्या कुलूपबंद कपाटात असतात. डब्यावर खरेदीचा महिना लिहिलेला असतो, आणि जुनी आधी वापरायची असल्यामुळे भात कापून झाल्यावर उरलेली मोजून ती तारीख काकू पुन्हा वाचून घेते.