मुका बाजा

मिडी कीबोर्ड स्वतः वाजत नाही. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढे आकडे तो संगणकाला कळवतो. आवाज काढणं सॉफ्टवेअरचं काम. अमळनेरला आमच्या घरी हे सांगून सांगून माझा घसा बसला. आजीने खोकं उघडल्या उघडल्या चार पट्ट्या दाबल्या आणि निकाल दिला, "हाऊ बाजा ते मुका शे रे भाऊ!"

श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते, तिचं अहिराणी गाणं यंदा घरीच रेकॉर्ड करायचं, असा माझा बेत. सॉफ्टवेअरमध्ये 'मिडी लर्न' नावाची सोय असते. पडद्यावरचा व्हॉल्यूम निवडायचा, कीबोर्डवरचा नॉब फिरवायचा, सोयरीक जुळली! पण सॉफ्टवेअर काही पत्रिका बघत नाही. आधी जो संदेश येईल त्याच्याच गळ्यात माळ. आमच्या कीबोर्डवरचं मॉड्युलेशनचं, म्हणजे सुराला कंप द्यायचं चाक जागच्या जागी थरथरून 0, 1, 0, 1 पाठवत बसलेलं. नॉब राहिला बाजूला, ढोलकीचा व्हॉल्यूम चाकाच्या घरी नांदायला गेला. किमान 0, कमाल 127, म्हणून 1 वरची ढोलकी कुणाला ऐकू येणार?

1983च्या जानेवारीत एका अमेरिकन आणि एका जपानी कंपनीचे सिंथेसायझर मिडीच्या केबलने जोडून दाखवले, आणि ते एकमेकांशी नीट बोलले म्हणे. त्यांच्या घरात भाचा नसावा.

मध्येच लाइट गेली. परत आली तेव्हा आमचा भाचा सस्टेन पेडलवर, म्हणजे पायाने दाबून सूर लांबवायच्या पेडलवर, दोन्ही पायांनी उभा. हा कीबोर्ड चालू होताना पेडल ज्या स्थितीत दिसेल तीच 'सोडलेली' धरतो. पठ्ठ्या उतरला आणि कारभार उलटा: पाय उचलला की सूर लांबतो, दाबला की तुटतो. बंद करून पुन्हा चालू केल्यावर गाडी रुळावर आली. उशिराने येणारा आवाज लवकर यावा म्हणून बफर, म्हणजे वाजवण्याआधी संगणक आवाजाचा जो साठा करतो तो, 1024 वरून 128 वर आणला, तर लॅपटॉपला दम लागून तडतड सुरू. शेवटी 256 वर तह झाला.

तेवढ्यात भाच्याच्या पायात यूएसबी केबल अडकली. पट्टी सोडल्याचा निरोप पोचलाच नाही, आणि एक सूर भोंग्यासारखा चालूच राहिला. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये 'पॅनिक' नावाचं बटण असतं, ते सगळे सूर एकदम गप्प करतं. वडिलांना अख्ख्या खटाटोपातलं तेवढं एकच बटण पटलंय. मी रियाझाला बसलो की ओसरीवरून हुकूम सुटतो, "पॅनिक दाब रे!"