काळ्या चांदीची राखण

ज्या घरात चांदीचे निरांजन काळे पडले की घरातल्या बाईच्या हाताला वळण नाही असा निकाल लागतो, त्या घरात जुन्या नाण्यांचा छंद असलेली सून येऊ नये. पण मी आले, आणि येताना माहेरचा एक डबा घेऊन आले. त्या डब्यात राणीछाप आणि राजाछाप रुपये होते, एक लहानशी अत्तरदाणी होती, एकाच कडीत अडकवलेले दातकोरणे आणि कानकोरणे होते, आणि या सर्वांवर कित्येक वर्षांच्या हवेने चढवलेला करडा-निळसर, कडेला जरासा जांभळट झालेला थर होता. त्या थरावर संग्राहक जीव टाकतात. तो पाहिला की आमच्या सासूबाईंचा हात मात्र आपोआप चिंचेच्या बरणीकडे जातो.

या थरामागचे शास्त्र मी घरात अनेकदा समजावून सांगितले आहे. हवेत अगदी किंचित प्रमाणात असलेल्या गंधकाच्या वायूंशी संयोग होऊन चांदीच्या वरच्या पापुद्र्याचे सिल्व्हर सल्फाइड होते. म्हणजे जे काळे दिसते ते बाहेरून येऊन बसलेले नसून त्यात नाण्याचीच चांदी असते, आणि ते घासून काढले की तेवढी चांदीही त्याच्याबरोबर मोरीतून वाहून जाते. हे विवेचन सासूबाईंनी हातातले वाती वळण्याचे काम न थांबवता शांतपणे ऐकून घेतले, “म्हणजे चांदीला कीड लागली म्हण की,” असा त्याचा गोषवारा काढला आणि त्या रांगोळीचा डबा आणायला उठल्या. रांगोळी म्हणजे शेवटी दगडाची भुकटी. चिंचेतून नाणे निदान नाकीडोळी शाबूत बाहेर पडते. रांगोळीतून ते निघते तेव्हा राणी व्हिक्टोरियाच्या अंगरख्यावरची वेलबुट्टी पार गेलेली असते आणि हिंदुस्थानची सम्राज्ञी साध्या सुती पोलक्यात बसलेली दिसते.

यजमानांचा उपद्रव वेगळ्या जातीचा आहे. त्यांची सारी नोकरी बँकेच्या रोखपाल खिडकीत गेल्यामुळे कोणतीही सुटी वस्तू दिसली की ती दहा-दहाच्या गठ्ठ्यात बांधून वर रबर चढवावे, अशी त्यांच्या हातांना सवय लागलेली आहे. रबर पक्के करताना त्यात गंधक घालतात, आणि ते गंधक रुपयावर आपली सही ठेवून जाते. माझ्या एका रुपयावरील राणीच्या कानापासून हनुवटीपर्यंत असा काळा पट्टा उमटलेला आहे, आणि तो दाखवून मी तक्रार केली तेव्हा “तुला काळेच हवे होते ना?” असे यजमान म्हणाले. लोकर आणि वर्तमानपत्राचा कागदही मी कपाटाबाहेर काढला असून सध्या सारा संग्रह सुती सोलापुरी टॉवेलांच्या घड्यांत नांदतो. त्यामुळे पाहुण्यांनी हात पुसायला टॉवेल मागितला की माझ्या पोटात गोळा येतो.

घासण्याविरुद्धचा माझा मुख्य मुद्दा सौंदर्याचा नसून सालाचा आहे. राणीच्या रुपयावर 1862 हे साल छापले, आणि पुढे 1874 पर्यंत रुपये पाडताना तेच साल कायम ठेवले. त्यामुळे रुपया खरोखर कोणत्या वर्षीचा, हे मागच्या बाजूला असलेल्या बारीक ठिपक्यांवरून ओळखावे लागते. हे ठिपके भिंगाखाली मोजण्यात माझी दुपार कशी निघून जाते ते मला कळत नाही. घरातल्या इतरांना मात्र ते चांगलेच कळते, कारण त्या दिवशी चहा उशिरा होतो. अशा ठिपक्यावरून रांगोळीचा अंगठा एकदा फिरला की ते नाणे इतिहासातून उठते आणि नुसते चांदीचे होते. सासूबाईंचे म्हणणे असे की, एवढे महत्त्वाचे साल होते तर त्या लोकांनी ते नीट आकड्यांत का लिहिले नाही? या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नाही, आणि मला वाटते टांकसाळीपाशीही ते नसावे.

वर्षभर चाललेल्या या लढ्याचा मोठा दिवस लक्ष्मीपूजनाचा. त्या दिवशी घरातल्या प्रत्येक चांदीच्या रुपयाला पंचामृताचे स्नान, मग कोमट पाण्याचे, मग हळदकुंकू. दह्यातला आंबटपणा आणि माझा चेहरा यांकडे कोणाचेही लक्ष नसते. यावर तोड म्हणून मी पेढीवरून गणपती-लक्ष्मीचे ठसे असलेली 999 शुद्धतेची नवी कोरी नाणी आणून चौरंगावर मांडली. सासूबाईंनी ती डोळ्यांशी धरून पाहिली, लक्ष्मीच्या हातातले कमळ नीट उमटलेले नाही हे दाखवून दिले आणि “ही बाजारातली लक्ष्मी. घरात पावलेली आहे ती आपली राणीच,” असे म्हणून व्हिक्टोरियाला पुन्हा पाटावर बसवले. तिच्या कपाळी कुंकू लावले जात असताना मी अखेरचा बाण सोडला. या बाईचे यजमान 1861 च्या डिसेंबरातच वारले होते, म्हणजे 1862 च्या रुपयावर आहे ती विधवा राणी, असे मी सांगितले. सासूबाईंचे बोट क्षणभर थांबले. मग त्या म्हणाल्या, “अगंबाई! मग तर नीटच लावते. तिकडे कोणी लावले नसेल तिला.” यावर काय बोलणार? मी स्वतःच हळदीची वाटी पुढे केली. शेजारच्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या, घरात श्रावणात वरलक्ष्मीचे व्रत असते. त्यांच्या कलशासाठीही हीच राणी मागून नेतात आणि दुसऱ्या दिवशी ती ओटीच्या तांदळाचे दाणे कडेच्या खाचांत घेऊन परत येते.

घराबाहेर निघावे तर वाट सोलापूरच्या सराफ कट्ट्याकडे जाते, आणि तिथली तऱ्हा निराळी. दुकानात शिरले की सराफ यजमानांना “या साहेब” म्हणतात, खुर्ची देतात, चहा सांगतात आणि मला “काय वहिनी, मोडायचे आहे का?” असे विचारतात. पिशवी घेऊन आलेली बाई एकतर पैंजण करायला आलेली असते नाहीतर मोड घालायला, हा त्यांचा अनुभव असल्यामुळे मोडीत निघालेले विकत घ्यायला आलेल्या बाईला कोणत्या खात्यात घालावे हे त्यांना ठरवता येत नाही. मग मी एखाद्या रुपयाविषयी प्रश्न विचारते आणि त्याचे उत्तर ते यजमानांकडे पाहून देतात. यजमानही मान डोलावून ते ऐकतात, कारण समोर काउंटर असला की त्यांना बरे वाटते.

सराफांच्या हिशेबात मात्र खोट काढता येत नाही. ब्रिटिश अमदानीतला जुना रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे नेमका एक तोळा वजनाचा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. पाच भाराचे वाळे, दहा भाराची वाटी असे चांदीचे माप आपल्याकडे आजही बोलले जाते, ते या रुपयाच्याच वजनावरून. दुसऱ्या महायुद्धात चांदीची चणचण झाली तेव्हा 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, आणि त्यामुळे सहाव्या जॉर्जचा रुपया काट्यावर ठेवताना सराफांच्या चेहऱ्यावर तो राजा आपल्याला फसवून गेल्याचा भाव अजूनही उमटतो. हाली सिक्का, म्हणजे निजामाच्या हैदराबाद राज्याचा रुपया, तर त्यांना मुळीच आवडत नाही. तुळजापूर, नळदुर्ग हा सारा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे सोलापूरच्या मोडीत चारमिनारची छाप असलेले रुपये अधूनमधून येतात. ते वजनाने थोडे हलके आणि कसालाही उतरते असल्याने सराफ ते चिमटीत धरून बाजूला सारतात, आणि मी ते पदराखाली ओढते. एकदा मी त्यांना राजाराजांतला फरक समजावू लागले तेव्हा ते अत्यंत अदबीने म्हणाले, “वहिनी, राजा कोणताही असो, मुशीत गेला की एकच होतो.” किलोचा भाव लाखापलीकडे गेल्यापासून मुशीत जाणाऱ्या राजांची रांग वाढली आहे, आणि त्या रांगेत मध्येच हात घालून एखाद्याला ओढून काढणे हेच आता माझे संग्रहण.

अशाच एका ढिगात 1911 चा रुपया आहे काय, हे मी बराच काळ शोधत होते. पाचव्या जॉर्जच्या अंगावरील माळेत एक हत्ती आहे. त्या वर्षीच्या ठशात त्याची सोंड इतकी तोकडी उतरली की लोकांना तो डुक्कर वाटला, ओरड झाली आणि 1912 पासून हत्ती सुधारून काढावा लागला. असा एक रुपया अखेर दुकानातल्या ताटलीत निघाला तेव्हा आनंदाच्या भरात मी ही हकीकत मोठ्याने सांगितली, आणि तीच महागात पडली. सराफांनी भिंग लावून पाहिले. नंतर त्यांच्या मुलाने पाहिले आणि तो उंदीर असल्याचे सांगितले. काटा पाहणाऱ्या नोकराला त्यात कुत्रे दिसले. जोडवी घालून पाहत असलेल्या एका अनोळखी बाईंनी आपला पाय तसाच पुढे ठेवून भिंग मागून घेतले आणि ते मांजर असून त्याने पाठ केलेली आहे, असे ठामपणे सांगितले. यजमानांनी कोणाचेच मन न मोडता “प्राणी आहे खरा,” एवढेच कबूल केले. एवढी चर्चा झालेली वस्तू मोडीच्या भावात कोण देईल? सराफांनी तो रुपया हळूच वेगळ्या डबीत ठेवला.

जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला गेले की होम मैदानावरच्या गर्दीतही माझी नजर जमिनीवर पसरलेल्या फडक्यांकडे जाते. एका फडक्यावरचा विक्रेता “घ्या की वो ताई, असली राणीछाप हाय,” असे म्हणत होता. मी पर्समधले लोहचुंबक काढले आणि राणी टुणकन उडून त्याला चिकटली. “चुंबक लावला की जुना माल बिथरतो वो,” असे त्याने गंभीरपणे समजावले. वास्तविक चुंबकाला चिकटली नाही म्हणून चांदी खरी ठरते असेही नाही, नावापुरतेच चांदी असलेले जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही. त्यासाठी वजन, कडेचे दाते आणि ठशाची धार हे सगळे पाहावे लागते. ते पाहत मी उकिडवी बसले असताना मागून आलेल्या आमच्या एका आप्तांनी रामपंचायतनाचे चित्र असलेले, 1818 साल कोरलेले ‘कंपनीचे’ नाणे माझ्या डोळ्यांदेखत विकत घेतले. कंपनी सरकारने असे नाणे चलनासाठी कधीच काढले नव्हते, हे मी त्यांना तिथेच सांगितले. ते मला नाण्यांतले कळत नाही असे आता साऱ्या नात्यात सांगतात. त्यांच्या मोबाइलवर जुन्या नाण्याला लाखो रुपये देऊ करणारे संदेश येतात, आणि आधी थोडी फी भरा असे म्हणणाऱ्या या व्यवहारांपासून सावध राहा असे रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये जाहीर केलेले असले तरी बँकेचा संदेश त्यांना कोणी पुढे पाठवलेला नाही.

सर्वांत बिकट प्रसंग मात्र नाण्याने नव्हे, टाकाने आणला. देवघरातले जुने टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव, झिजले की सोनाराकडे देऊन नवे करून घेतात, आणि असाच घोड्यावरचा एक झिजलेला खंडोबा मोडीच्या ताटलीतून मी उचलून आणला. त्याच्या घोड्याची मान इतकी डौलदार होती की तो वितळावा हे मला सहन झाले नाही. सासूबाईंनी तो पाहताच हात जोडले आणि मग मला विचारले, “कोणाच्या घरचे देव आणलेस हे?” मी म्हटले, ठाऊक नाही. “म्हणजे त्यांचा कुलाचार आता आपल्याकडे आला. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य कोण दाखवणार? तळी कोण भरणार? आणि त्यांच्यात काही वेगळे असले तर?” संग्राहकाची वस्तू कपाटात राहते, तिला जेवायला घालावे लागत नाही, हा माझा युक्तिवाद त्या घरात टिकला नाही. खंडोबा टॉवेलाच्या घडीतून देवघरात गेला. तिथे तो रोज न्हातो, लख्ख उजळतो, आणि मार्गशीर्षात त्याच्या निमित्ताने आम्हाला वांग्याचे भरीत मिळते, हे मला मान्य केले पाहिजे. भिंग घेऊन त्याच्याजवळ जायचे तर मात्र मला आता आंघोळ करून जावे लागते.

परवा सकाळी सराफांचा फोन आला, आणि पहिल्यांदाच तो यजमानांना न येता मला आला. “वहिनी, तुमचा तो मुकुट न घातलेला राजा आला आहे, 1910 चा.” सातव्या एडवर्डच्या शेवटच्या सालचा रुपया! मी एका हाताने पर्स शोधत दुसऱ्या हाताने फोन कानाशी घट्ट धरला आणि विचारले, “चांगला काळा आहे ना?”

“छे हो,” ते मोठ्या आपुलकीने म्हणाले, “तुम्ही येणार म्हणून आताच पोऱ्याकडून घासून लख्ख करून घेतला. त्याचे पैसे लावत नाही, तुम्ही काय, घरच्याच.”