‘मायरा’ वेदांमध्ये नाही, आणि दुर्मिळ तर आता मुळीच नाही

मेसेज असा आहे: “लेकीला अर्थ नसलेली परदेशी नावं ठेवू नका. ‘मायरा’ ठेवा. ऋग्वेदात आलेलं, लक्ष्मीच्या 108 नावांपैकी एक, अत्यंत दुर्मिळ. अर्थ: प्रिय, प्रशंसनीय. संत मीराबाईंचं मूळ नाव हेच. मघा नक्षत्रावर जन्मलेल्या मुलीला विशेष लाभदायक. आज देशात हे नाव पहिल्या क्रमांकावर!” खाली कमळ, जोडलेले हात आणि ‘पुढे पाठवा’.

सोलापुरात हा मेसेज भावकीच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या आला, भिशीच्या बायकांच्या ग्रुपवरही फिरून गेला. एकाच दमात नाव ‘अत्यंत दुर्मिळ’ आणि ‘पहिल्या क्रमांकावर’ कसं असेल, हे ना पाठवणाऱ्याला खटकलं ना वाचणाऱ्याला. मुलीचं नाव मायरा ठेवायला माझी काडीचीही हरकत नाही. म्हणायला सोपं, कानाला गोड नाव आहे. हरकत आहे ती त्याच्या गळ्यात घातलेल्या खोट्या जानव्याला.

ऋग्वेदापासून सुरू करू. दहा मंडलं, 1028 सूक्तं. त्यात बायकांची नावं येतात, सूक्तं रचणाऱ्या बायकांचीही येतात: घोषा, अपाला, विश्ववारा, लोपामुद्रा, रोमशा. अपालेचं सूक्त आठव्या मंडलात आहे, घोषेची दहाव्यात. ‘मायरा’ कुठेच नाही. वामन शिवराम आपट्यांचा 1890 चा संस्कृत कोश आज मोबाईलवर फुकट शोधता येतो. त्यात माया आहे, मोराशी नातं सांगणारा मायूर आहे, मायरा नाही. वेदातलंच नाव हवं म्हणणाऱ्याने मुलीचं नाव घोषा ठेवून दाखवावं. पण ते कुणी ठेवत नाही, कारण शाळेत पोरं चिडवतील ही भीती.

लक्ष्मीचं तर आणखी सोपं. शुक्रवारी श्रीसूक्त म्हणणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. हिरण्यवर्णा, हरिणी, चंद्रा, हिरण्मयी, पुष्करिणी, हेममालिनी, सगळी विशेषणं तिथे ओळीने आहेत. 108 नावांची अष्टोत्तरशतनामावली ‘प्रकृती, विकृती, विद्या’ अशी सुरू होते. ती पुस्तिका देवघरातच असते. काढा आणि बोट ठेवून वाचा, दहा मिनिटांचं काम आहे. मायरा सापडणार नाही.

मग हे नाव आलं कुठून? मेसेज ज्यांना ‘परदेशी’ म्हणून नाक मुरडतो, नेमकं तिथून. फल्क ग्रेव्हिल नावाचा एक इंग्रज दरबारी कवी होता, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातला. जन्म 1554, मृत्यू 1628. त्याच्या प्रेमकविता तो गेल्यावर 1633 साली छापून आल्या. त्यांत तो आपल्या प्रेयसीला कधी कॅलिका म्हणतो, कधी सिंथिया, कधी मायरा. बाईचं खरं नाव कवितेत घ्यायचं नाही, टोपणनाव द्यायचं, अशी तेव्हाची रीत. इंग्रजी साहित्यात हे नाव रूढ झालं ते त्याच्यापासून असं धरतात. त्याने ते कसं घडवलं याबद्दल तर्कच आहेत. एक तर्क बोळ नावाच्या सुगंधी डिंकाच्या लॅटिन शब्दाकडे जातो. मला दुसरा जास्त पटतो, कारण तो कागदावर करून बघता येतो: इंग्रजीत ‘मेरी’ लिहा, एम, ए, आर, वाय. मधला ए उचलून शेवटी टाका आणि वाय आरच्या आधी आणा. झाली मायरा. पुढच्या कवींनी ते उचललं, मग हळूहळू खऱ्याखुऱ्या मुलींना ठेवलं जाऊ लागलं.

‘प्रशंसनीय’ हा अर्थही तिकडच्याच गल्लतीतून आला. लॅटिनमध्ये नवल वाटणं, कौतुक वाटणं यासाठी ‘मिर’ने सुरू होणारे शब्द आहेत, मिरांडा हे नाव त्यांतलं. नावांच्या याद्या करणाऱ्यांनी मिरांडाचा अर्थ मायराला चिकटवला आणि आपल्या मेसेजवाल्याने वर ‘संस्कृत’ असा शिक्का मारला. तुर्कस्तानात मायरा नावाचं प्राचीन शहरही आहे, आजच्या डेमरेजवळ. नाताळबाबाची गोष्ट ज्यांच्यावरून आली ते संत निकोलस चौथ्या शतकात तिथले बिशप होते. पण म्हणून कुणी ग्रीक देवी उभी करू नये. ते गावाचं नाव आहे.

मीराबाईंचा दावा मात्र मला सगळ्यांत मजेशीर वाटला, कारण त्याच्या बुडाशी काहीतरी आहे. राजस्थानात ‘मायरा’, ‘मायरो’ हा शब्द खरोखर आहे, पण मुलीचं नाव म्हणून नाही. बहिणीच्या मुलाचं किंवा मुलीचं लग्न निघालं की भाऊ माहेरचा आहेर घेऊन येतो, साड्या, दागिने, रोकड, जे जमेल ते; त्याला मायरा म्हणतात. गुजरातीत तेच मामेरुं. आपल्याकडे मामाचा आहेर असतो तसलंच. जुनागढच्या नरसी मेहतांकडे लेकीच्या सासरी असा आहेर न्यायला छदाम नव्हता, तेव्हा कृष्णानेच तो भरला, ही कथा सोलापुरातल्या मारवाडी घरांतल्या आज्याही सांगतील. त्या प्रसंगावरची ‘नरसीजी रो मायरो’ ही रचना परंपरेने मीराबाईंच्या नावावर सांगतात. मीरा आणि मायरा हे दोन शब्द कुणाच्या तरी डोक्यात इथेच शेजारी बसले असावेत. बाकी मीराबाईंचं ‘मूळ नाव’ वगैरे थाप आहे.

मघा नक्षत्राचं अर्ध खरं. मघाच्या चार चरणांची अक्षरं मा, मी, मू, मे. ‘मा’वरून माधवीही चालते, मालतीही आणि मालनही. पंचांग अक्षर देतं, नाव देत नाही.

आता लोकप्रियता. देशात पहिल्या क्रमांकावर, हे कुणी मोजलं? अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये सरकार दरवर्षी बाळांच्या नावांची यादी काढतं. आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीतून जन्म किती, मुलगे किती, मुली किती हे आकडे येतात, नावांची क्रमवारी येत नाही. ‘टॉप’ याद्या असतात त्या नावं सुचवणाऱ्या वेबसाइटच्या, आणि त्यांचा मापदंड त्यांच्याच पानावर किती जणांनी काय शोधलं एवढाच. बरं, नावाचे दिवस फिरतात ते असे की वेद काय करतील! ब्रिटनमध्ये मायरा हेस या पियानोवादक बाईंनी 1939 पासून, महायुद्ध चालू असताना, लंडनच्या नॅशनल गॅलरीत दुपारच्या मैफली भरवल्या, तेव्हा या नावाला केवढा मान होता. 1966 मध्ये मायरा हिंडली या बाईला लहान मुलांच्या खुनांसाठी शिक्षा झाली आणि तिकडचे आईबाप हे नाव ठेवायला कचरू लागले. इकडे आपल्याला त्यातलं काहीच ठाऊक नाही, म्हणून नाव कोरं करकरीत वाटलं.

सोलापुरात ते का चाललं, याचं कारण मला साधं दिसतं. चार भाषांचं गाव आहे हे. पूर्व भागातल्या पद्मशाली घरात तेलुगू, बाळीवेशीत कन्नड, विजापूर वेशीला उर्दू आणि सगळीकडे मराठी. मायराला जोडाक्षर नाही, ‘ळ’ नाही, ‘ज्ञ’ नाही. चारही घरांतल्या आजीला ते पहिल्या फटक्यात म्हणता येतं. मुसलमान घरांत आधीपासून माहिरा होतीच, तिच्यातला अरबी ‘माहिर’ म्हणजे आपलाच ‘माहीर’. शिवाय मालिका आणि नटनट्यांच्या मुलींमुळे कियारा, शनाया, अनाया असल्या नावांची चाल कानात बसलेली. मायरा त्या चालीत अलगद बसते. नाव चालायला एवढं पुरतं.

आणि दुर्मिळच नाव हवं असेल तर पाळण्यापाशी बसलेल्या पणजीला तिचं नाव विचारा. सिद्धव्वा, मल्लव्वा, नरसम्मा, तुळजा, रुपाबाई. गावचा देव सिद्धरामेश्वर, गावातलीच रूपाभवानी, तुळजापूर, सगळं त्यांत आहे. या नावांची नवी मुलगी मला तरी शहरात भेटलेली नाही. मी ही नावं ठेवा म्हणत नाही. माझ्या भाचीने माझ्या तोंडावर सांगितलंय, “मावशी, सिद्धव्वा ठेवून बघ, मी बारशालाच येणार नाही.” पण दुर्मिळ म्हणजे काय ते ही नावं ऐकून कळतं.

बाराव्या दिवसाच्या आत नाव ठरलंच पाहिजे म्हणून मेसेजच्या मागे धावणाऱ्यांसाठी एवढंच: 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, नावाची नव्हे. नावाचा रकाना रिकामा ठेवून दाखला मिळतो. नाव 12 महिन्यांत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मायराच ठरली असेल तर अर्ज देताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग स्वतः लिहून द्या. अंकशास्त्रासाठी शेवटी एक ए वाढवायचा की नाही, वाय की ए-आय, हे घरीच मिटवा. कारण इंग्रजीवरून पुन्हा मराठी करताना दाखल्यावरची मायरा आधार कार्डावर मैरा होते, शाळेच्या रजिस्टरला मिरा, आणि मग त्या तिघी एकच आहेत हे सिद्ध करायला बापाला शपथपत्र घेऊन रजा टाकावी लागते.