‘पाच हेक्टरच्या आतली खाण, विचारायचं कुणाला?’ एक खुलासा
शहापूरकडच्या खडीखाणींच्या विरोधाबद्दल ठाण्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘खाण पाच हेक्टरच्या आतली असली की पर्यावरण मंजुरी लागत नाही. जमीन मालकाची, दगड मालकाचा. गावाला मध्ये बोलायचा अधिकारच नाही.’

पाच हेक्टरचा मुद्दा शिळा आहे. 27 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात गौण खनिजाच्या (खडीचा दगड, वाळू, मुरूम वगैरे) लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली.

सातबाऱ्यावर नाव असलं म्हणून खालचा काळा पाषाण विकता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 48 बघा: विनापरवाना उत्खनन केलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड.

आणि गाव? शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित (आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या) क्षेत्रात येतो, मुरबाडचा काही भाग. तिथे 1996 च्या पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) गौण खनिजाचा खाणपट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस लागते. म्हणजे गावकऱ्यांनी ग्रामसभेत हात वर करणं हा आडमुठेपणा नव्हे, कायद्यातलीच पायरी आहे. (पेसाबाहेरच्या गावांना हे कलम लागू नाही, तेही उगाच फॉरवर्ड करू नका.)

मेसेजमधलं एक वाक्य मात्र खरं: ‘खडी तर तुम्हालाच लागते.’ लागतेच, घोडबंदरचे टॉवर काही मातीचे नाहीत. पण क्रशरशेजारच्या वालाच्या पानावर एकदा बोट फिरवून पाहा. बोट पांढरं होतं.